किलबिल रेग्युलर

मराठी लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली एक ओळ असते. वर देवदेवता किंवा महापुरुष, मग वधूवर, मग निमंत्रक, मग कुणी रुसू नये म्हणून घातलेली पंचवीस नावं, आणि अगदी तळाला, एखाद्या फुग्याशेजारी: 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं!' त्याखाली चिंटू, परी, आर्यन वगैरे. या भागाला किलबिल म्हणतात. ही ओळ लहान मुलाच्या अक्षरात असावी लागते. नसली तरी पाहुणे येतातच, पण पत्रिका कोर्टाच्या नोटिशीसारखी दिसते.

गिरगावात मी ज्या छापखान्यात कामाला आहे तिथे बारा वर्षं ही ओळ मानसीच्या अक्षरात जायची. मानसी म्हणजे आमचे शेठ रघूकाका यांची मुलगी. ती सहा वर्षांची असताना काकांनी तिच्याकडून ही ओळ एकदा लिहून घेतली, स्कॅन केली आणि काका, मामा, आत्या, मावशी असे चार साचे करून ठेवले. त्या चार साच्यांवर ठाकुरद्वारपासून दादरपर्यंत लग्नं लागली. मग मानसी लॉ कॉलेजला गेली आणि एक दिवस छापखान्यात येऊन म्हणाली, "पप्पा, मी आता सज्ञान आहे. माझ्या अक्षरात अनोळखी माणसांना लग्नाला बोलावणं बंद करा. माझी संमती नाही."

काकांनी नवीन मूल शोधायला घेतलं. हल्लीची मुलं एकतर लिहीत नाहीत, किंवा इतकं सुंदर लिहितात की त्यांच्या बापाचा संशय येतो. आठवडा गेला. मग माझ्या टेबलावर चिकटवलेल्या कामाच्या यादीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"स्वरूप, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुझं वय काय?"

"सत्तावीस."

काकांनी तो कागद कपाळाला लावला.

त्यानंतर तीन महिने मी स्वतःच्या अक्षराचा फॉन्ट बनवला. एकेक अक्षर लिहायचं, स्कॅन करायचं, मग कॉम्प्युटरवर त्याच्या कडा घासायच्या, पोक काढायचं, रेषेवर उभं करायचं. शेवटी जे झालं ते मलाच ओळखू येईना. गोलमटोल अक्षरं, किंचित उजवीकडे झुकलेली, जणू सगळी एकाच खिडकीतून बाहेर बघतायत. वेलांटी छत्रीच्या मुठीसारखी. अनुस्वार जरा लांब उडालेला. 'ह'ला मात्र एक शेपूट राहिलं, कारण तो लिहिताना शेजाऱ्याने चहाचा ग्लास माझ्या कोपराला लावला होता. मी ते काढलं नाही. काकांनी फॉन्टचं नाव 'किलबिल रेग्युलर' ठेवलं, आणि छापखान्याची जाहिरात होईल म्हणून इंटरनेटवर फुकट टाकून दिला.

फुकट म्हटल्यावर लोकांनी तो कुठेही वापरला. केकवाल्यांनी वापरला, ब्युटी पार्लरवाल्यांनी वापरला, ते समजू शकतो. दादरच्या एका मासेवालीने 'आज ताजं पापलेट' असा बोर्ड केला. तो बघून वाटायचं की पापलेट स्वतःच लिहून गेलंय. एका सोसायटीने गेटवर 'येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल' असं लावलं, तर लोक गाडी लावून त्या पाटीसोबत सेल्फी काढायला लागले. आणि लालबागला एका फ्लेक्सवर 'राधाबाई आपल्याला सोडून गेल्या' हे किलबिलमध्ये आलं. राधाबाई माथेरानला गेल्यात आणि येताना चिक्की आणणारेत, असं ते दिसत होतं.

घरी मात्र यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं, कारण घरी बाबा आहेत.

बाबा, म्हणजे राजाराम तांबे, डिलाईल रोड, बोर्ड पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर ब्रश धुऊन ठेवले आणि कॉम्प्युटर या वस्तूशी बोलणं सोडलं. मी छापखान्यात 'काहीतरी दाबतो' एवढंच त्यांच्या लेखी माझं काम. अक्षराच्या बाबतीत ते अजिबात विनोदी नाहीत, आणि त्याला कारण आहे. आमचे आजोबा गिरणीत अंगठा लावायचे. बत्तिसाव्या वर्षी नाइट स्कूलला गेले आणि सही शिकले. ती पहिली सही आमच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली फ्रेममध्ये आहे. तेव्हा आमच्या घरात अक्षर म्हणजे हौस नाही, ती मिळवलेली वस्तू आहे. आणि त्या घरात मी जन्माला आलो. माझं अक्षर पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबांनी आईला विचारलं होतं, "हा लिहीत असताना कोणी याला मारत होतं का?"

माझी मोठी बहीण संघमित्रा परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. वय एकतीस. तिच्या लग्नासाठी बाबांची एकच अट: मुलाने स्वतःच्या हाताने एक पान लिहून पाठवायचं. विषय, 'माझी दिनचर्या'. पोहे, पगार, पत्रिका, काही नाही. पान पास झालं तरच मुलाने जिना चढायचा.

आठ जण नापास झाले होते. एकाची वरची रेघ अक्षरांना टेकत नव्हती, बाबा म्हणाले, "मधेच सोडणारा आहे." एकाने पेन इतकं दाबलं होतं की पान दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं, "मारकुटा." एक डॉक्टर होता. त्याचं पान आई चुकून केमिस्टकडे घेऊन गेली, तर त्याने दोन गोळ्या आणि मलम दिलं. एकाच्या आईने लिहून दिलं होतं. बाबा म्हणाले, "या बाईला घरात आणायला माझी काही हरकत नाही, पण लग्न ताईचं आहे."

नववं पान हर्षवर्धन गमरे याचं. घोडपदेवला घर, वडाळ्याला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर. घरी स्थळ म्हणून आलं, पण खरं म्हणजे तो ताईचा पेशंट होता. दिवसभर पार्सलांवर स्कॅनर धरून त्याचं मनगट धरलं होतं. ताईने सहा आठवडे ते मनगट सोडवलं आणि सातव्या आठवड्यात हातात ठेवून घेतलं.

रविवारी दुपारी मी घरी आलो तर बाबा गॅलरीत, उजेडाला पान धरून उभे. डोळ्याला भिंग.

"ये, इकडे ये," ते म्हणाले. "तुला जन्मात दिसणार नाही अशी गोष्ट दाखवतो. बघ. अक्षर बघ."

मी बघितलं. निळी शाई, रेघांचा कागद. 'मी रोज सकाळी सहा वाजता उठतो.' 'रोज'च्या शेजारी 'सकाळी', 'सकाळी'च्या शेजारी 'सहा'. 'सहा'मधल्या 'ह'ला शेपूट.

"काय?" बाबा म्हणाले. "वाचा बसली ना?"

बसली होती.

"या पानात 'स' अठरा वेळा आलाय. अठराच्या अठरा सारखे! तसूभर फरक नाही. याला म्हणतात चारित्र्य. आता मागून हात फिरव. फिरव. लागतं काही?"

"नाही."

"दाब नाही! माणसाच्या मनात राग नाही. कागदालासुद्धा त्रास देत नाही हा." बाबांनी भिंग सदऱ्याला पुसलं. "आणि तुझं? तुझ्या वहीवर हात फिरवला तर तळहाताला लागतं."

सत्तावीस वर्षांत बाबांनी पहिल्यांदा माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं, आणि ते मला घेता येत नव्हतं.

ताई मागच्या बाजूला पिंपात पाणी भरत होती. मी तिला कोपऱ्यात घेतलं.

"ताई, तुला फसवतोय तो."

"कोण?"

"हर्षवर्धन. ते पान हाताने लिहिलेलं नाही. छापलंय."

"माहितीये."

"कसं काय?"

"मीच छापलं. नळ बंद कर."

मी नळ बंद केला.

"तू चाळीस फॉन्ट बघितलेस का कधी एका बैठकीत?" ती म्हणाली. "मी बघितले. हा सगळ्यात साधा वाटला. भोळा. असं अक्षर असलेला माणूस खोटं बोलणार नाही असं वाटलं."

"ताई, ते माझं अक्षर आहे."

ताईने माझ्याकडे एक्स-रे बघितल्यासारखं बघितलं. मग हसायला लागली ती पिंपाला धरून. "तरीच! मला सारखं वाटत होतं हे कुठेतरी बघितलंय, आणि बघितलं तेव्हा मी भयंकर चिडले होते!"

"हसू नकोस. त्याचं स्वतःचं अक्षर कसंय?"

तिने मोबाईलवर हॉस्पिटलच्या फॉर्मचा फोटो दाखवला. नावाच्या चौकटीत एक मुंगी शाईत पडली होती, मग दोन पावलं चालली होती, मग तिला कोणीतरी उचलून नेलं होतं.

"हे 'हर्षवर्धन' आहे?"

"हे 'ह' आहे. बाकीचं जागा संपली म्हणून राहिलं."

"बाबांना कळलं तर?"

ताईचं हसू थांबलं. "मी लग्न याच्याशीच करणार, ते ठरलंय. पण अजितदादाच्या लग्नाचं आठवतंय ना? सख्खा पुतण्या. पत्रिकेत नाव बसत नव्हतं म्हणून छापणाऱ्याने ताणून रुंद केलं. बाबा म्हणाले, नाव ताणलं, आता नातंही ताणलेलं राहू दे. गेले नाहीत. आजपर्यंत त्याच्या घरी पाय ठेवला नाही. मला बाबा माझ्या लग्नात हवेत, स्वऱ्या. पहिल्या रांगेत. तोंड सरळ ठेवून."

"मग खरं सांगून टाक."

"पास तर होऊ दे त्याला. एकदा जिना चढला, बाबा त्याच्याशी बोलले, की सांगू. माणूस चांगला आहे रे. फक्त लिहीत नाही."

हे तिथेच मिटलं असतं. पण बाबांनी ते पान चाळीच्या फळ्यावर लावलं. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. आणि संध्याकाळी दोन हुकूम निघाले. पहिला माझ्यासाठी: रोज सकाळी त्या पानाची झेरॉक्स समोर ठेवून एक पान गिरवायचं. दुसरा: ताईची पत्रिका छापायची नाही. पुढच्या रविवारी हर्षवर्धनरावांनी घरी यायचं आणि सगळ्यांसमोर बसून ती स्वहस्ते लिहायची. त्याच्या झेरॉक्स काढून वाटायच्या. "लोकांना कळू दे," बाबा म्हणाले, "जावई कसा असतो."

पहिला हुकूम दुसऱ्या दिवशीच अमलात आला. मी माझ्या अक्षराकडे बघून माझं अक्षर काढलं. बाबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली, भिंग फिरवलं आणि मान हलवली.

"नाही. तुला नाही जमणार. हा मूळचाच गुण असावा लागतो."

दुसऱ्या हुकुमासाठी आमच्या हातात सहा सकाळी होत्या. छापखाना दहाला उघडतो, किल्ली माझ्याकडे असते, म्हणून साडेसातला मी आणि हर्षवर्धन गिरगावात भेटायला लागलो.

हर्षवर्धन सहा फूट उंच आणि आवाज एकदम मऊ. मी आधी 'तुम्ही' म्हणत होतो, पण जो माणूस पेन चमच्यासारखं धरतो त्याला फार वेळ 'तुम्ही' म्हणता येत नाही.

"शेवटचं पेनने कधी लिहिलंस?"

"बारावीला. मराठीचा पेपर. नंतर कॉलेजातून घरी फोन आला होता."

"नापास म्हणून?"

"नाही, पास होतो. मुलगा बरा आहे ना, एवढंच विचारत होते."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर सगळं बीप." त्याने हवेत स्कॅनर धरून दाखवला. "साहेब, मी खरंच सांगतो, माझ्याने हे होणार नाही. आपण तांबेकाकांना सांगून टाकू."

"साहेब कोणाला म्हणतोस? मेहुणा आहे मी तुझा. आणि सांगायचं ताईने ठरवलंय, कधी ते. तू अ काढ."

पहिल्या दिवशी त्याला फॉन्टची छापील पानं दिली. त्याने ती इतक्या काळजीने गिरवली की एक 'अ' काढायला चार मिनिटं लागली. त्या हिशेबाने पत्रिका पूर्ण होईपर्यंत लग्न, बारसं आणि एक मुंज उरकली असती, आणि मुंजीचा आमच्यात प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी मी छापील पानं बाजूला ठेवली. म्हटलं, मूळ कारखाना समोर असताना दुकानातून माल कशाला घ्यायचा? मी लिहितो, तू बघून लिही. मी लिहायला लागलो. तो बघायला लागला. ताईने त्याच्या बोटांसाठी चिकणमातीचा गोळा पाठवला होता, तो तो मधूनमधून दाबायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याचा हात हातात धरून लिहिलं. रघूकाका त्या दिवशी लवकर आले. आम्हाला तसं बघून त्यांनी चप्पल परत घातली आणि बाहेर चहा प्यायला गेले.

चौथ्या दिवशी त्याचा 'क' आला. पाचव्या दिवशी 'संघमित्रा' आलं, एका दमात, न थांबता. त्याने ते पान घडी करून खिशात ठेवलं. सहाव्या दिवशी त्याने सबंध पत्रिका दहा मिनिटांत लिहून दाखवली आणि मला माझंच अक्षर बघून गहिवरून आलं. गुरूला असंच होत असणार. मला आधी अनुभव नव्हता.

रविवारी आमच्या खोलीत चौदा माणसं होती, आणि खोली सात माणसांची आहे. बाकीची चाळ गॅलरीत. हर्षवर्धन इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला, फोटोला हात जोडले, बाबांना "जय भीम, काका" म्हणाला. बाबांनी सगळ्यांसमोर त्याचा उजवा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, जसा मासे घेताना आई कल्ले उघडून बघते.

"मजबूत आहे," बाबा म्हणाले. "बसा हर्षवर्धनराव."

त्यांनी स्वतःचा जुना लाकडी फळा मांडीवर दिला, त्यावर कोरा कागद, आणि नवीन पेन. आई चहा घेऊन उभी राहिली. ताई कपाटाला टेकली होती. तिची बोटं पदराला पीळ घालत होती.

हर्षवर्धनने पेन धरलं, आणि मग त्याने मान उजव्या खांद्यावर टाकली. नाक कागदापासून चार बोटांवर आणलं. डावा पाय हलवायला लागला. आणि तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर काढलं.

मग मला कळलं, हे सगळं तो माझं बघून करत होता. मी लिहिताना असं करतो हे मला माहीतच नव्हतं. मी कधी स्वतःला लिहिताना बघितलं नव्हतं. त्याने सहा दिवस तेच बघितलं होतं, आणि इमानदार माणूस असल्यामुळे यातलं त्याने काहीही वगळलं नव्हतं.

बाबांनी ते वीस वर्षं बघितलं होतं.

पेन चालायला लागलं. तेव्हा दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. फॉन्ट मी तीन महिने घासला होता. हातात ती घासाघीस नव्हती. माझी ओळ डाव्या हाताला करी रोडच्या पुलावर सुरू होते आणि उजव्या हाताला पुलाखाली उतरते. कॉम्प्युटरने ती सपाट धरून ठेवलेली. हर्षवर्धनची पहिली ओळ पुलावरून निघाली. दुसरी जास्त वेगात. 'संघमित्रा' आणि 'हर्षवर्धन' या दोन नावांची कागदाच्या उजव्या कोपऱ्यात टक्कर झाली.

हर्षवर्धनने शेवटचा पूर्णविराम दिला, जीभ आत घेतली आणि समाधानाने वर बघितलं.

बाबांनी कागद उचलला. भिंगसुद्धा घेतलं नाही.

"हे," ते म्हणाले, "आमच्या गाढवाचं अक्षर आहे."

चौदा माणसं माझ्याकडे वळली.

"स्वरूप. हा मुलगा गेला आठवडाभर कुठे होता?"

"माझ्यासोबत," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज सकाळी."

बाबांनी डोळे मिटले. "आठ दिवस. मोत्यासारखं अक्षर होतं पोराचं. अख्ख्या चाळीने बघितलंय. आठ दिवस तुझ्या संगतीत राहिला आणि सगळं धुऊन गेलं. मनगटासकट वाट लावलीस तू त्याची!"

ताईचा श्वास सुटल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "संगत फार वाईट." मी मान खाली घातली. म्हटलं, ठीक आहे, माझी अब्रू आधीच गेलेली आहे, ताईचं काम होतंय ना.

पण हर्षवर्धन उभा राहिला. उभा राहिला म्हणजे पंख्याच्या पात्यापर्यंत गेला. आईने ओरडून पंखा बंद केला.

"काका, थांबा," तो त्या मऊ आवाजात म्हणाला. "स्वरूपची काही चूक नाही. ते पान मी लिहिलंच नव्हतं. ते कॉम्प्युटरवर छापलंय. त्यातलं अक्षर माझं नाही, स्वरूपचं आहे. मला लिहिताच येत नाही. मी सहाला उठतही नाही, आठला उठतो."

"मी छापलं, बाबा," ताई पुढे आली. "त्याला मी सांगितलं होतं. तो नको म्हणत होता."

आई हातातला चहा स्वतःच प्यायला लागली.

बाबांनी चाळीच्या फळ्यावरून ते पान आणायला सांगितलं. एका हातात ते, एका हातात माझी गिरवायची वही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चाळीस वर्षांचा पेंटर. खरं सांगू का, त्या क्षणी मला ताईच्या लग्नाचं काही पडलेलं नव्हतं. मला वाटत होतं, आता ते बघतील. तो 'ह' बघतील. म्हणतील, अरे, हे तुझं?

"हे," बाबांनी पान वर केलं, "याचं?" आणि वही खाली टाकली. "पेंटर आहे मी. मला शिकवता?"

"बाबा, खरंच माझं आहे. थांबा." मी मोबाईल काढला, फॉन्ट लावला, आणि 'राजाराम तांबे' असं टाइप करून त्यांच्यापुढे धरलं.

बाबांनी स्वतःचं नाव बघितलं. किलबिलमध्ये ते फारच गोड दिसत होतं, जणू त्यांना कोणीतरी शाळेतून आणायला गेलंय. ते हळूहळू लाल झाले.

"म्हणजे तुमच्या त्या कारखान्यात हे चालतं? लोकांची अक्षरं चोरता? पोराचं अक्षर मशीनमध्ये घातलंस आणि त्याच्या हातात काही शिल्लक ठेवलं नाहीस?"

"बाबा, मशीन असं..."

"गप्प! आणि हा बघा," त्यांनी हर्षवर्धनच्या दंडाला धरलं, खांद्यापर्यंत हात पोहोचत नव्हता म्हणून, "सर्वस्व गेलं याचं, तरी मेहुण्यावर आळ नको म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय! आठला उठतो म्हणतोय! असं कोण खोटं बोलतं स्वतःविरुद्ध? आणि ही त्याच्यासाठी खोटं बोलतेय. दोघं एका मापाची आहेत. संघमित्रा, अक्षर काय, परत येईल. हा माणूस परत मिळायचा नाही. तारीख बघा."

"काका, पण मी खरंच..." हर्षवर्धन म्हणाला.

"काका नाही. बाबा."

ताईने हर्षवर्धनकडे बघितलं, हर्षवर्धनने माझ्याकडे. आम्ही तिघांनी मिळून खरं सांगून बघितलं होतं. आता याहून जास्त खरं आमच्याकडे नव्हतं.

"बाबा," ताई म्हणाली, "लग्नाला याल ना?"

"येईन म्हणजे? पत्रिका लिहिणार कोण? याचा हात सुधारेपर्यंत मीच." त्यांनी पलंगाखालून ब्रशचा डबा ओढला. बारा वर्षांनी झाकण उघडलं तर आतून टर्पेंटाइनचा वास आला, आणि आई नाकाला पदर लावून म्हणाली, "झालं. आता कपाटावरही नाव टाकतील."

हर्षवर्धन आता दर रविवारी सकाळी येतो. लग्नापर्यंत त्याचं अक्षर मूळपदावर आणायचं असं बाबांनी ठरवलंय. दोघं खिडकीपाशी बसतात, बाबा त्याचं मनगट धरतात आणि हळूहळू, गोल, मोठी अक्षरं काढून घेतात. ताई चहा देण्याच्या निमित्ताने तीन तीनदा येते. मला खोलीत बसायची परवानगी आहे, पण दाराजवळ, भिंतीकडे तोंड करून. संसर्ग नको म्हणून.

परवा मागून बाबांचा आवाज आला, "वा! हा बघा. हा 'अ' जमला. हा तुमचा स्वतःचा आला." हर्षवर्धन लहान मुलासारखा हसला. ताई म्हणाली, "बघू, बघू."

मलाही बघायचा होता. मी मान जरा वळवली.

"तू फिरू नकोस," बाबा म्हणाले. "शाई ओली आहे अजून."